वाचकांचे प्रश्न : मदत आटते आणि सीमा बंद होते तेव्हा

प्रश्न : अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्याच्या आणि पाकिस्तान व इराणने अफगाण लोकांना परत पाठवल्याच्या बातम्या वाचल्या. मदत आटली तर ती सगळ्यांसाठीच आटते आणि हद्दपार होते ते सबंध कुटुंब. तरीही प्रत्येक लेखात ‘स्त्रिया आणि मुलींवर होणारा परिणाम’ वेगळा का मांडला जातो? ही केवळ लिहिण्याची रीत झाली आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हे शब्द पुष्कळदा सवयीने लिहिले जातात आणि त्यांच्यापुढे काहीच सांगितले जात नाही. अफगाणिस्तानच्या बाबतीत मात्र त्यांना नेमका अर्थ आहे. तो कळण्यासाठी मदत शेवटच्या माणसापर्यंत कोणाच्या हातून पोहोचते, हे पाहावे लागते. तालिबानच्या राजवटीत परक्या पुरुषाने स्त्रीशी बोलणे, तिची माहिती लिहून घेणे किंवा तिला तपासणे यांवर इतके निर्बंध आहेत की बहुतेक ठिकाणी तिच्यापर्यंत स्त्री कर्मचारीच पोहोचू शकते. डिसेंबर 2022 मध्ये स्वयंसेवी संस्थांत आणि एप्रिल 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांत काम करण्यास अफगाण स्त्रियांना मनाई झाली. आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांना त्यातून काही सवलत मिळाली, आणि संस्थांनी स्थानिक अधिकाऱ्यांची मनधरणी करत तेवढ्या फटीतून काम चालू ठेवले. ही फट पगारांवर टिकून होती आणि पगार परदेशी निधीतून होत होते.

2024 मध्ये अफगाणिस्तानला मिळालेल्या मानवतावादी मदतीपैकी 40 टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या अमेरिकेचा होता. 20 जानेवारी 2025 रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सर्व परदेशी मदतीला 90 दिवसांची स्थगिती दिली आणि पुढे बहुतेक कार्यक्रम रद्दच झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार 4 मार्च 2025 पर्यंत निधीअभावी 34 पैकी 25 प्रांतांत मिळून 167 आरोग्य केंद्रे बंद पडली होती. आता एखाद्या गावातले केंद्र बंद झाले असे धरा. पुरुष रुग्ण पुढच्या गावी जाईल, त्याला खर्च आणि त्रास होईल, पण तो जाईल. स्त्रीला 72 किलोमीटरपलीकडच्या प्रवासाला मेहरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, सोबत लागतो, आणि अनेक ठिकाणी त्याहून जवळच्या वाटेवरही तिला अडवले जाते. त्या दिवशी नवऱ्याची किंवा भावाची मजुरी बुडणार असेल तर बाळंतपण घरीच होते. जिला नवरा नाही, भाऊ नाही आणि मुलगा अजून लहान आहे, तिला तर पुढचे केंद्र असून नसल्यासारखेच.

कामावरून गेलेल्या सुईणीचे पुढे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. तिला दुसरी नोकरी मिळण्याच्या वाटा जवळपास बंद आहेत, आणि तिची जागा घेणारी मुलगी तयार होत नाही, कारण डिसेंबर 2024 मध्ये मुलींसाठी परिचर्या आणि सुईणकाम यांचे शिक्षणही थांबवण्यात आले. निधी उद्या पूर्ववत झाला तरी इमारत उघडेल आणि औषधे येतील, पण आत बसायला कोण येणार?

आता हद्दपारीकडे येऊ. ऑक्टोबर 2023 मध्ये पाकिस्तानने कागदपत्रे नसलेल्या परदेशीयांना 1 नोव्हेंबरपर्यंत देश सोडण्यास सांगितले. पुढे पाकिस्ताननेच दिलेले ‘अफगाण नागरिक कार्ड’ हे ओळखपत्र असलेल्यांना 31 मार्च 2025 ही मुदत मिळाली, आणि नंतर नोंदणीकृत निर्वासितांचीही पाळी आली. इराणने कागदपत्रे नसलेल्यांना 6 जुलै 2025 ची मुदत दिली. त्या एका वर्षात दोन्ही देशांतून मिळून 20 लाखांहून अधिक लोक अफगाणिस्तानात परतले. ‘परतले’ हा शब्द येथे फारसा खरा नाही. 1979 च्या सोव्हिएत आक्रमणानंतर पाकिस्तानात आलेल्यांची नातवंडे पेशावर आणि क्वेट्टा येथेच जन्मली, आणि त्यांतल्या पुष्कळांनी अफगाणिस्तान पाहिलेलाही नव्हता. पेशावरमध्ये नववीत शिकणारी मुलगी आणि तिचा भाऊ एकाच मालमोटारीत सामानावर बसून तोरखमची सीमा ओलांडतात. भावाला जलालाबादला शाळा मिळू शकते. मुलींना मात्र सप्टेंबर 2021 पासून सहावीपुढची शाळा नाही. हद्दपारीच्या आदेशात मुलींचा उल्लेख नसतो, तरी तिचे शिक्षण तिथेच संपते, आणि खाणारी तोंडे कमी करायची असतील तर घरात पहिला विचार तिच्या लग्नाचा होतो.

सप्टेंबर 2025 मध्ये मदत आणि हद्दपारी या दोन्ही गोष्टी एकाच जागी आल्या. काबूलमधील कार्यालयांत संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री कर्मचाऱ्यांना शिरण्यास अटकाव झाला, आणि संयुक्त राष्ट्रांच्याच निर्वासित संस्थेला परतणाऱ्यांना रोख रक्कम देणारी केंद्रे थांबवावी लागली. रक्कम देण्याआधी ओळख पटवावी लागते, मुलाखत घ्यावी लागते, आणि स्त्रियांचे हे काम पुरुष कर्मचारी करू शकत नाहीत.

प्रश्न : मदतीचा पैसा शेवटी तालिबानच्याच पदरात पडत असेल, तर तो थांबवणेच योग्य नव्हे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ढवळाढवळ होते, यात शंका नाही. लाभार्थी कोण असावेत आणि कंत्राट कोणाला मिळावे, यात स्थानिक अधिकारी हात घालतात, आणि तेथे हिशेब कडक हवाच. परंतु दवाखान्यांचा बराचसा निधी सरकारी खजिन्यातून न जाता संयुक्त राष्ट्रे आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत थेट खर्च होत असे. तो थांबल्याने मुलींच्या शाळांबद्दलचा एकही आदेश मागे घेतला गेलेला नाही. बंद झाले ते दवाखाने.

प्रश्न : आमच्या इमारतीत एक अफगाण विद्यार्थिनी भाड्याने राहते. तिचे आईवडील पेशावरहून काबूलला गेले आहेत आणि तिचा अभ्यासक्रम संपत आला आहे. तिला भारतात निर्वासित म्हणून राहता येईल का?
– एक गृहिणी, पुणे

उत्तर : 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन यांचाच समावेश आहे. ती मुस्लिम असेल तर तो मार्ग तिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे दिल्ली कार्यालय अफगाण व्यक्तींची नोंदणी करते, पण त्या नोंदणीने व्हिसा मिळत नाही. तिसऱ्या देशात पुनर्वसनाची आशाही अरुंद झाली आहे, कारण अमेरिकेने 20 जानेवारी 2025 च्या आदेशाने निर्वासितांचा प्रवेश स्थगित केला आणि जूनमध्ये अफगाण नागरिकांच्या प्रवेशावर बंदी घातली.

म्हणून व्यवहार्य मार्ग शिक्षणाचाच दिसतो. पुढच्या अभ्यासक्रमाला वेळेत प्रवेश घेऊन व्हिसा वाढवण्याचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी करावा, आणि शिष्यवृत्तीची चौकशी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाकडे करावी. पासपोर्टची मुदत विशेष काळजीने पाहावी. मुंबईतील अफगाण वाणिज्य दूतावासात तालिबानने नोव्हेंबर 2024 मध्ये आपला प्रतिनिधी नेमला आहे, तेव्हा ज्या राजवटीने घरी शिकणे बंद केले, तिच्याच माणसाकडे कागदासाठी जाण्याचा प्रसंग तिच्यावर येऊ शकतो. अशा वेळी तिला एकटी पाठवू नका, सोबत जा. परदेशी भाडेकरूची माहिती नोंदवणे घरमालकावर बंधनकारक असते. ती नोंद राहिली असेल तर या आठवड्यातच करून घ्यायला सांगा, कारण त्या चुकीचा जाब घरमालकाआधी तिला विचारला जाईल.