‘असिमिलेशन’ला मराठीत काय म्हणावे?

स्थलांतरितांविषयीच्या लेखाचे भाषांतर करताना ‘असिमिलेशन’साठी, म्हणजे स्थलांतरिताने नव्या समाजात मिसळून त्याच्यासारखेच होण्यासाठी, विलीनीकरण, समावेशन आणि सात्मीकरण यांपैकी कोणता शब्द घ्यावा, अशी विचारणा झाली आहे. माझी पसंती सात्मीकरणाला आहे. मात्र तो सर्वच देशांना सरसकट लावू नये.

विलीनीकरण संस्थानांचे होते, माणसांचे नव्हे. सात्मीकरण आपल्याला शाळेतल्या जीवशास्त्रापासून ठाऊक आहे : पचलेल्या भाकरीचे शेवटी शरीरच होते, तिची भाकरी म्हणून ओळख उरत नाही. फ्रान्सला हा शब्द नेमका बसतो, कारण तेथील नागरी संहितेच्या कलम २१-२४ नुसार फ्रेंच समाजाशी आपले सात्मीकरण झाल्याचे, विशेषतः पुरेशा भाषाज्ञानाच्या आधारे, अर्जदाराने सिद्ध केल्याशिवाय त्याला नागरिकत्व मिळत नाही. उलट कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले आणि १९८८ मध्ये तसा कायदा केला. बहुसांस्कृतिकतेत प्रत्येकाची वेगळी ओळख टिकते, म्हणून तेथे सात्मीकरण म्हटले तर धोरणाचा अर्थच उलटा होईल. जर्मनीत २००५ पासून भाषेचे आणि समाजपरिचयाचे जे अभ्यासक्रम चालतात, त्यांच्या नावात ‘इंटिग्रेशन’ आहे. त्यासाठी, ‘राष्ट्रीय एकात्मता’ आपल्या कानांवर रुळलेली असल्यामुळे, ‘एकात्मीकरण’ योग्य वाटते.

शब्द निवडताना मी आधी कर्ता शोधतो. ‘सून सासरी रुळली’ या वाक्यात कर्ती सून आहे. ‘सासरच्यांनी तिला सामावून घेतले’ म्हटले, की जबाबदारी घरावर येते. सात्मीकरणात बदलायचे असते ते स्थलांतरिताने, म्हणजे ते पहिल्या वाक्याच्या जातीचे; समावेशन दुसऱ्या वाक्याच्या जातीचे आहे, आणि म्हणूनच ते सात्मीकरणाचा पर्याय होऊ शकत नाही.

इस्रायलमध्ये नवागतांना समाजात घेण्यासाठी ‘क्लिता’ हा हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ आत घेणे, शोषून घेणे. येथेही कर्ता यजमान समाज आहे. पण कोकणातून तेथे गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या बाबतीत तो कर्ता अडखळला : १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाच्या चौकशीची अट घातली, आणि त्यांच्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. हा इतिहास मराठीत सांगताना ‘क्लिता’चे भाषांतर ‘शोषण’ असे कदापि करू नये, कारण मराठी वाचकाला त्यातून पिळवणूकच ऐकू येते. नवागतांना सुरुवातीला जेथे ठेवतात, त्या ‘मेरकाझ क्लिता’ला ‘नवागत केंद्र’ म्हणावे, आणि क्रियेसाठी ‘सामावून घेणे’ हेच साधे क्रियापद वापरावे.