अमेरिकेतले इनडोअर फुटबॉलचे संघ आणि लीग इतक्या लवकर बंद का पडतात?

आधी एक खुलासा: हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलच, पण बर्फाच्या हॉकीच्या स्टेडियममध्ये मावेल असा. मैदान 50 यार्डांचं, एका बाजूला 8 खेळाडू.

यातली सगळ्यात नावाजलेली अरीना फुटबॉल लीग 1987 मध्ये सुरू झाली. 2008 पर्यंत सलग चालली, म्हणजे 22 हंगाम. या खेळात हे दीर्घायुष्यच म्हणायचं! मग 2009 चा हंगाम रद्द, दिवाळखोरी, 2010 मध्ये पुनर्जन्म आणि 2019 मध्ये पुन्हा दिवाळखोरी. 2024 मध्ये त्याच नावाने परत सुरुवात केली, तर पहिल्याच हंगामात काही आठवड्यांत संघ गळायला लागले.

माझ्या मते खरं दुखणं उत्पन्नाचं. टीव्हीचे मोठे पैसे नाहीत, सगळी मदार तिकिटं आणि स्थानिक जाहिरातींवर. हॉल भाड्याचा, प्रवास महाग. एखाद्या मालकाने हात काढला की वेळापत्रकच कोलमडतं. याच अरीना लीगमधल्या टॅम्पा बे स्टॉर्म या संघाने पाच विजेतेपदं मिळवली, तरी 2017 च्या अखेरीस गाशा गुंडाळलाच.

आयोवा बार्नस्टॉर्मर्स या संघाचं नाव मात्र लीग बदलत बदलत तगलं. कर्ट वॉर्नर हा नामांकित खेळाडू इथूनच पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये गेला. छोट्या शहरातला, जवळपासच्या संघांशी खेळणारा, खर्च आटोक्यात ठेवणारा संघ जास्त तग धरतो. 2009 पासून खेळणारी इंडोअर फुटबॉल लीग साधारण याच हिशेबावर उभी आहे.