मागे फिरायची वेळ खालीच ठरव

प्रिय पोरी,

तुझी मेल वाचली. पुढच्या मोसमात एव्हरेस्टला जायचं नक्की झालं, याचा मनापासून आनंद आहे. तू विचारलंस, आपली मर्यादा आली हे वर असताना ओळखायचं कसं? ती तुला ओळखता येईलच, असं धरून जाऊ नकोस. का, ते सविस्तर लिहितो.

रीलवर ऐकलेलं एक वाक्य तू लिहिलंस, की मन हार मानतं तेव्हा शरीराची चाळीस टक्केच ताकद खर्च झालेली असते. त्या आकड्याला कसलाही आधार नाही. पण थकव्यात मनाचा वाटा मोठा असतो, हे खरं. २०१० मध्ये मार्कोरा आणि स्टायानो या संशोधकांनी रग्बी खेळणाऱ्या तरुणांना साधारण २४२ वॅटच्या भारावर सायकल मारायला लावली, पाय थांबेपर्यंत. पाय थांबल्याबरोबर लगेच पाच सेकंद जीव खाऊन पेडल मारायला सांगितलं, तर सरासरी ७३१ वॅट ताकद निघाली. म्हणजे स्नायू संपण्याच्या कितीतरी आधी त्यांनी हात टेकले होते. नळीच्या वाटेने पाठीवर ओझं घेऊन हरिश्चंद्रगड चढताना तूही हे अनुभवलं आहेस. पाय भरून येतात, आता बस असं वाटतं, तरी माणूस वर पोचतो. असल्या थकव्याला दाद न देणं तुला जमतं आणि ते उपयोगीही आहे.

पण आपला सगळ्यात उंच माथा कळसूबाई, १,६४६ मीटर. सह्याद्री पायांची परीक्षा घेतो, डोक्याची हवा काढून घेत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश उरतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण प्रत्येक श्वासात हातात पडतो तो तिसरा हिस्सा. आणि तिथे स्नायूंच्याही आधी ढेपाळतो तो मेंदू. ज्याच्याकडून तू मर्यादा ओळखून घेणार, तोच.

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा बलून उडाला. त्यात तिघे होते: तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. सोबत प्राणवायूच्या पिशव्या होत्या, पण साठा कमी होता. तो पुरणार नाही, असं शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी पत्राने कळवलं, पण ते पत्र वेळेत पोचलं नाही. साठा कमी म्हणून तिघांनी ठरवलं, की अगदी गरज वाटेल तेव्हाच नळी तोंडात धरायची. कागदावर हा निर्णय शहाणपणाचाच दिसतो. आठ हजार मीटरच्या आसपास तिसांदिएने नळीकडे हात न्यायचा प्रयत्न केला, तर हात उचलेना. आपण आठ हजारांवर आलो, हे ओरडून सांगावंसं वाटलं, तर जीभ हलेना. त्याने नंतर लिहून ठेवलं की त्या वेळी त्रास काहीच होत नव्हता, उलट आतून आनंद वाटत होता. तो शुद्धीवर आला तेव्हा दोघे साथीदार मेलेले होते. तोंडं काळीठिक्कर पडलेली, ओठांवर रक्त.

ही हकीकत मी गिर्यारोहणाच्या प्रत्येक बॅचला सांगतो, कारण ‘गरज वाटली की थांबेन’ हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. त्या तिघांत भित्रा कुणी नव्हता, अडाणीही नव्हता. गरज वाटायलाच जो अवयव लागतो तो आधी बंद पडला, एवढंच.

२००७ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या एका तुकडीने एव्हरेस्टवरून उतरताना ८,४०० मीटरवर थांबून मांडीच्या धमनीतून एकमेकांचं रक्त काढलं. त्या थंडीत पिसांचा डाऊन सूट उघडून! शेर्पांनी ते नमुने धावपळ करत ६,४०० मीटरवरच्या कॅम्पमधल्या यंत्रापर्यंत पोचवले. चौघांच्या रक्तातल्या प्राणवायूचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर पारा भरला. इथे घरात बसलेल्या तुझ्या-माझ्या रक्तात तो नव्वदच्या आसपास असतो. सपाटीवरच्या दवाखान्यात असा रिपोर्ट आला तर रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवतील. हे लोक मात्र चालत होते, बोलत होते, काम करत होते. आठवड्यांच्या सरावाने माणसाचं शरीर कुठवर जुळवून घेतं, हे वाचून मला आजही भरून येतं. पण तितक्याच प्राणवायूवर आपण घेतलेल्या निर्णयांवर किती भरवसा ठेवायचा, याचाही विचार कर.

म्हणून मागे फिरायची वेळ खाली, जाड हवेत ठरव. एव्हरेस्टवरच्या १० मे १९९६ च्या वादळाबद्दल तू वाचलं असशील. त्या दिवशी गाइड रॉब हॉलच्या तुकडीत दुपारी एक किंवा दोन वाजता फिरायचं बोलणं झालं होतं, नेमकं किती वाजता ते पक्कं झालं नव्हतं. त्याचा एक सदस्य चारनंतर माथ्यावर पोचला. तो आणि हॉल, दोघेही परतले नाहीत. त्याच्या आठवडाभर आधी, ३ मे रोजी, स्वीडनहून सायकलवर आलेला योरान क्रॉप एकटाच, बाटलीतल्या प्राणवायूशिवाय, माथ्याखाली शंभरेक मीटरवर पोचून वळला होता, कारण बर्फ खोल होता आणि उशीर झाला होता. २३ मे रोजी तो पुन्हा गेला आणि माथा गाठून आला. आठ हजारांवर जे दगावले त्यांत चढताना दगावलेल्यांपेक्षा शिखर करून उतरताना दगावलेले जास्त आहेत, हे लक्षात असू दे.

वेळ मनाने ठरवू नकोस, बाटलीवरून काढ. चार लिटरच्या बाटलीत भरताना दाबाप्रमाणे साधारण हजार ते बाराशे लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला दोन लिटरने तो आठ-दहा तास जातो, चारने त्याच्या निम्मा. माथ्याखालच्या हिलरी स्टेप या टप्प्याजवळ रांगेत उभी राहिलीस तरी बाटली चालूच असते. उतरायचे तास आधी बाजूला काढ, उरेल तो चढायचा वेळ.

मग ती वेळ कागदावर लिही आणि तुझ्या क्लाइंबिंग शेर्पाला दे. त्याच्याशी बेस कॅम्पलाच हिंदीतून स्पष्ट बोल. पैसे भरून आलेल्या माणसाला ‘चल खाली’ म्हणायला त्याला जड जातं, तेव्हा तो हक्क तू आपणहून द्यायचास. त्याला सांग: मी उलट उत्तर दिलं, रडले, शिवी दिली, तरी मला खाली आण. नीट एका रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येईना, कॅराबिनर, म्हणजे कडी, दोरीत अडकवताना दोनदा हुकला, साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागला, ग्लोव्ह काढून बाजूला ठेवला, तर घड्याळात काही का वाजलेले असेनात, खाली उतरायचं. तूही त्याच्यावर अशीच नजर ठेव. त्याचाही मेंदू त्याच हवेत असतो.

पैशाचं ओझं वेगळं. परवान्याचेच पंधरा हजार डॉलर, त्यात वर्गणी, कर्ज, गावात लागलेले फ्लेक्स. हे सगळं तुझ्यासोबत वर येणार आहे आणि नेमकं शेवटच्या शंभर मीटरवर बोलायला लागणार आहे. निघण्यापूर्वी घरच्यांना आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना समोर बसवून सांग, की शिखर न करता परतणंही या मोहिमेत धरलेलं आहे. अवघड जाईल, पण सांग. कुणी तोंड वाकडं केलं तर त्याचे पैसे परत कर. कमी पडले तर मी उभे करतो.

सत्काराची तारीख आधी ठरवू देऊ नकोस.

कागद लिहून झाला की फोटो पाठव. वेळ किती धरायची ते मात्र मला विचारू नकोस, शेर्पा सरदाराला विचार. त्या आठवड्यातली दोरी, वारा आणि गर्दी त्याला पुण्यात बसलेल्या माझ्यापेक्षा जास्त कळते.

तुझा
काका