फुंकर चाचणीचा रिपोर्ट : आधी काय पाहाल?

प्रश्न : आईचं वय 62. विडी-सिगारेट कधीच नाही, पण तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. जिना चढताना दम लागतो म्हणून स्पायरोमेट्री (फुंकर चाचणी) केली. एफव्हीसी 1.76 लिटर (अपेक्षिताच्या 83 टक्के), एफईव्ही-वन 1.02 लिटर (61 टक्के). पंपानंतर (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध ओढल्यावर) 1.82 आणि 1.09. खाली ‘श्वासनलिकांत अडथळा’ असं लिहिलंय. 83 टक्के म्हणजे फुप्फुसं चांगली ना? की हा दमा?

उत्तर : 83 टक्क्यांवर समाधान मानू नका. एफव्हीसी म्हणजे छाती पूर्ण भरून जोरात फुंकल्यावर बाहेर पडलेली सगळी हवा आणि एफईव्ही-वन म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदातली. नळ्या अरुंद झाल्या तरी वेळ मिळाला की बरीच हवा निघते. खोळंबा होतो तो पहिल्याच सेकंदात. म्हणून आधी पंपानंतरचं गुणोत्तर काढा : 1.09 भागिले 1.82, म्हणजे 0.60. ते 0.70 च्या खाली असेल तर अडथळा धरतात. (वयानुसार गुणोत्तर थोडं उतरतंच, त्यामुळे पंच्याहत्तरीतलं 0.68 एकवेळ काठावरचं म्हणता येईल. 0.60 नाही.) पंपानंतर एफईव्ही-वन अपेक्षिताच्या सुमारे 65 टक्के येतो, 50 ते 79 म्हणजे मध्यम अडथळा.

पंपाने वाढ झाली 70 मिलिलिटर, 7 टक्के. दम्यात दिसते तशी ठळक वाढ म्हणायला प्रचलित निकष 12 टक्के आणि 200 मिलिलिटर, दोन्ही एकदम. चुलीचा धूर लक्षात घेता कल सीओपीडीकडे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराकडे) जातो. पण एका चाचणीने दमा बाद होत नाही, विशेषतः त्या सकाळी पंप घेऊनच त्या गेल्या असतील तर. लहानपणची धाप, रात्रीचा खोकला, ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारा त्रास हे डॉक्टरांना जरूर सांगा.

आता रिपोर्टवरचा, फुंकरीचा वेग दाखवणारा आलेख पाहा. उतरती रेघ झोळीसारखी आत झुकली असेल तर अडथळ्याची खूण. रेघ मध्येच कड्यासारखी तुटली असेल, तर फुंकर अर्धवट सोडलीय. तेव्हा एफव्हीसी खोटा कमी येतो, गुणोत्तर फुगतं आणि खरा अडथळा लपतो. किमान तीन चांगल्या फुंकरी हव्यात, त्यांतल्या सर्वोत्तम दोन 150 मिलिलिटरच्या आत जुळाव्यात. ओठांतून हवा गळणं, नाकाला चिमटा नसणं, पहिल्या सेकंदात खोकला येणं, यांनी निकाल बिघडतो. घट्ट बसणारी कवळी काढायला लावू नका.

पंपानंतरची फुंकर 10-15 मिनिटं थांबून घेतली का, तेही विचारा. घाईत घेतली असेल तर वाढ कमी दिसते.

आणि घरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापत असेल, तर ते आजपासून बंद करा.