तुमचे प्रश्न: मुलांनी मुलांसाठी चालवलेला कॅम्पसवरचा हेल्थ ग्रुप

मागच्या अंकात लिहिलं होतं की युनिव्हर्सिटीत मुलंच मुलांसाठी जे हेल्थ आणि वेलनेसचे ग्रुप चालवतात त्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि इतकी पत्रं आली की सगळी छापायला हा अंक पुरणार नाही. मी शिकत असताना चार वर्षं असा ग्रुप चालवलाय, आता बरीच वर्षं व्हॉलंटियर्सना ट्रेनिंग देतेय, त्यामुळे विषय अगदी जिव्हाळ्याचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी सेकंड इयरला आहे, आमच्या वेलनेस ग्रुपची सेक्रेटरी. मागच्या सेममध्ये आम्ही वेलनेस वीक घेतला, सात दिवस रोज एक कार्यक्रम, पोस्टर, रील्स, सगळं केलं. पहिल्या दिवशी साठ जण आले आणि शेवटच्या दिवशी अकरा, त्यातले सात आमचेच. सगळे दमलेत, दोघांनी ग्रुप सोडला. आमचं काय चुकलं?

त्या अकरातले चार बाहेरचे होते ना, ते का आले हे विचारलंत का त्यांना? नसेल विचारलं तर आज विचारा, कारण तुमच्या पुढच्या वर्षाचा प्लॅन त्या चौघांकडे आहे.

मेहनत कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही गं. अडचण अशी आहे की वीक संपतो पण मुलांची दुखणी काही त्या आठवड्याचं टाइमटेबल बघून येत नाहीत, कुणाचं ब्रेकअप महिन्याने होतं, कुणाला रिझल्ट लागल्यावर झोप येईनाशी होते आणि तेव्हा तुमचा स्टॉल कुठेच नसतो. आम्हीही पहिल्या वर्षी असंच केलं, मोठा हॉल घेतला, पाहुणे बोलावले आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिलो. दुसऱ्या वर्षी पैसे नव्हते म्हणून लायब्ररीच्या जिन्याजवळ एक टेबल टाकलं, दर मंगळवारी चार ते सहा, पाऊस असो की परीक्षा असो. टेबलावर काय होतं तर सॅनिटरी पॅड्सचा डबा, फर्स्ट एडची पेटी आणि एक कागद, काउन्सेलर कुठे बसतात, किती वाजता असतात, अपॉइंटमेंट कशी घ्यायची, बस एवढंच.

एक मुलगा तीन मंगळवार आला, कागद उचलायचा, वाचायचा आणि परत जागेवर ठेवून निघून जायचा. आम्ही काही बोललो नाही, नुसतं हसून बघायचो. चौथ्या मंगळवारी त्याने कागदाकडे बघतच विचारलं, "ही अपॉइंटमेंट घेतली तर घरी कळतं का?" आम्हाला उत्तरच माहीत नव्हतं! म्हटलं थांब, पाच मिनिटांत विचारून येते. काउन्सेलरकडे पळत गेले, त्यांनी नीट सांगितलं की बोलणं गुप्त राहतं, फक्त स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तरच इतरांना सांगावं लागतं. परत येऊन त्याला तसंच सांगितलं आणि त्या रात्री कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात हीच ओळ टाकली. पुढच्या महिन्यात कागद परत परत छापून आणावे लागले. म्हणजे मुलांना काउन्सेलरचा पत्ता माहीत होता, भीती वेगळीच होती आणि ती आम्हाला कुठल्याही सेमिनारमध्ये कळली नसती.

तेव्हा सात दिवस नको, आठवड्याचे दोन तास धर, एकच जागा, एकच वेळ, दोनच जण ड्युटीवर. तुमच्या इथले नियम मात्र आधी विचारून घे, गुप्ततेचे नियम सगळीकडे सारखे नसतात.

प्रश्न: मी पीअर व्हॉलंटियर आहे, म्हणजे बाकीच्या मुलांचं ऐकून घेणारी त्यांच्यातलीच एक. परवा रात्री एका ज्युनियरने मला मेसेज केला की आता जगावंसं वाटत नाही, आणि आधी माझ्याकडून शपथ घेतली की कुणालाही सांगायचं नाही. मी दोन तास बोलत राहिले, ती झोपली. आता मला काहीच सुचत नाहीये. सांगितलं तर तिचा विश्वास तुटेल.

हे पत्र आलं त्याच दिवशी मी तुला उत्तर पाठवलं होतं, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी, कारण अशी शपथ आज ना उद्या प्रत्येक व्हॉलंटियरकडे मागितली जाते.

ही शपथ मोडायची. आणि तिला सांगून मोडायची, तिच्या पाठीमागे नाही. "मी तुला शब्द दिला होता, पण तुझ्या जिवाची गोष्ट मी एकटी सांभाळू शकत नाही, आपण दोघी मिळून जाऊ, मी तुझ्यासोबत बसते," असं. ती चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. चालेल. चिडायला ती असली पाहिजे.

दुसरं, सरळ विचार, "जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?" खूप जणांना वाटतं की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातला जाईल. तसं होत नाही, यावर बरंच संशोधन झालंय आणि विचारल्याने धोका वाढतो असं दिसलेलं नाही, उलट कुणीतरी तो शब्द तोंडाने उच्चारला म्हणून समोरच्याला मोकळं वाटतं. ती हो म्हणाली आणि कसं करायचं, कधी करायचं हेही ठरलंय असं वाटलं तर तो इमर्जन्सीचा मामला आहे, तिला एक मिनिट एकटं सोडायचं नाही, ज्याने इजा होईल ते तिच्यापासून लांब करायचं आणि तिथल्या तिथे वॉर्डन, काउन्सेलर, इमर्जन्सी नंबर जे आधी लागेल ते लावायचं. रात्रीचे तीन वाजले असले तरी. आणि एवढं ठरलेलं नसलं तरी हे लांबवायचं नाही, दुसऱ्याच दिवशी काउन्सेलरच्या दारापर्यंत तिच्याबरोबर चालत जायचं, "जाऊन ये हं" असं सांगून सोडून द्यायचं नाही, कारण ते दार एकट्याने उघडणं फार जड जातं.

बोलताना उपाय सांगत बसू नकोस, "सगळं ठीक होईल", "बाकीच्यांचं बघ किती वाईट आहे" हे तर नकोच. 1970 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स युनिव्हर्सिटीत नाइटलाइन म्हणून सेवा सुरू झाली, विद्यार्थीच रात्री फोनवर बसतात आणि विद्यार्थ्यांचं ऐकतात, सल्ला देत नाहीत. मग ती पद्धत इतर बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये गेली. पण ते ट्रेनिंग घेतलेले असतात, पाठीशी माणसं असतात, आणि तू परवा रात्री खोलीत एकटी होतीस. म्हणून तुमच्या ग्रुपला सांग की ट्रेनिंगशिवाय कुणालाही पीअर व्हॉलंटियरचा बिल्ला द्यायचा नाही. 2000 मध्ये ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी मेंटल हेल्थ फर्स्ट एडचा कोर्स सुरू केला, साध्या माणसांना शिकवणारा की असं कुणी समोर आलं तर काय करायचं आणि पुढे कुणाकडे न्यायचं. तसं काहीतरी तुमच्या काउन्सेलरकडून शिकून घ्या.

आणि तू स्वतः कुणाशी बोललीस का? दोन तास ते ऐकून तूही हादरलेली असणार. काउन्सेलरकडे तिच्याबरोबर जाशील तेव्हा स्वतःसाठीही वेळ माग. यात कमीपणा नाही, ट्रेनिंग घेतलेले लोकही हे करतात.

प्रश्न: स्टॉलवर डिप्रेशनचा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचा विचार आहे, स्कोअर लगेच सांगू. चांगली आयडिया आहे ना?

नाही. तो फॉर्म, पीएचक्यू-नाइन, चांगलाच आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, शून्य ते 27 स्कोअर येतो आणि साधारण 10 किंवा त्याहून जास्त आला की नीट तपासणी करून घ्यावी असं धरतात. पण तो निदान करत नाही. त्यातला नववा प्रश्न काय आहे माहितीये? मरून गेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. आता गर्दीच्या स्टॉलवर, मागे गाणी लागलेली, शेजारी मित्र डोकावतोय आणि कुणीतरी त्या प्रश्नावर "जवळजवळ रोज" ला टिक केलं, तर तुम्ही काय करणार? बंद दार, शिकलेलं माणूस आणि त्याच दिवशीची अपॉइंटमेंट या तिन्ही गोष्टी असतील तर काउन्सेलरच्या देखरेखीखाली करा. त्यातली एक जरी नसेल तरी फॉर्म नको. आणि भरलेले कागद ग्रुपच्या कपाटात तर मुळीच ठेवायचे नाहीत.

प्रश्न: परीक्षेआधी झोपेवर कॅम्पेन करतोय. पोस्टरची ओळ ठरवलीये, "आपल्या कॅम्पसवर कुणीच झोपत नाही!" कशी वाटते?

ओळ लक्षात राहील रे, पण उलटा परिणाम होण्याची भीती वाटते. 1986 मध्ये अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी दाखवलं की विद्यार्थ्यांना वाटतं बाकीचे आपल्यापेक्षा खूप जास्त दारू पितात, प्रत्यक्षात तसं नसतं, पण या गैरसमजामुळे आपणही तसंच वागावं असं दडपण येतं. मला वाटतं झोपेचंही असंच आहे. कुणीच झोपत नाही हे वाचून जो बिचारा अकराला झोपतो त्यालाच वाटेल की आपण मागे पडतोय! त्यापेक्षा आधी मुलांना विचारा, किती जण व्यवस्थित झोपतात, खरा आकडा काढा आणि तो चांगला असेल तर तोच छापा.

बाकी माहिती साधी ठेवा. अठरा वर्षांपुढच्यांना रात्री किमान सात तास झोप हवी. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी कुणाला जास्त, म्हणजे रात्री आठला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन एक वाजता अजून अंगात असतं आणि मग पडून छताकडे बघत बसायची वेळ येते. वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम झोपेतही चालू असतं हे नक्की लिहा, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्याला ते ऐकायची गरज असते.

प्रश्न: एका दुपारीत सगळ्यांना शिकवता येईल असं काही सुचवा.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. कुणी अचानक कोसळलं, हाका मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर आधी अँब्युलन्सला फोन आणि लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात, मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसाला किमान पाच सेंटिमीटर खोल. ट्रेन्ड माणूस बोलवा, पुतळ्यावर प्रत्येकाचे हात पडू देत, नुसतं बघून येत नाही हे. पहिल्यांदा करताना सगळे हळूच दाबतात, दोन मिनिटांत घाम फुटतो तेव्हा कळतं की आळीपाळीने का करायचं. आणि कॅम्पसवर एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारं मशीन असेल तर सगळ्यांना चालत नेऊन दाखवा कुठे लावलंय.

प्रश्न: मी प्राध्यापक आहे. मुलांच्या उत्साहाचं कौतुक आहे, पण युनिव्हर्सिटी स्वतःची जबाबदारी त्यांच्यावर ढकलतेय असं वाटतं. चूक आहे का?

नाही सर, अगदी बरोबर वाटतंय तुम्हाला, आणि हे एका प्राध्यापकाने लिहिलं याचा मला फार आनंद झाला. काउन्सेलरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळत असेल तर मुलांच्या टेबलाने ती उणीव भरून निघत नाही. 2015 मध्ये कॅनडात ओकानागन चार्टर नावाचा जाहीरनामा झाला, त्यात युनिव्हर्सिटींना सांगितलंय की आरोग्य हा वेगळा कार्यक्रम म्हणून बाजूला ठेवू नका, कारभारात, शिकवण्यात, रोजच्या निर्णयात आणा. तुमच्या हातात काय आहे बघा ना, एकाच आठवड्यात चार विषयांच्या असाइनमेंटच्या तारखा येतात, त्या सहकाऱ्यांशी बोलून वेगवेगळ्या करता येतील. मुलांनी श्वासाचे व्यायाम शिकवण्यापेक्षा याने जास्त जीव हलके होतील. आणि ग्रुपच्या मुलांना घेऊन अधिकाऱ्यांकडे जा, कुणाला किती दिवस थांबावं लागलं याची नावाशिवाय यादी घेऊन. मुलं एकटी गेली की त्यांना शाबासकी मिळते, प्राध्यापक सोबत असले की उत्तर मिळतं.

प्रश्न: आम्ही सहा जण या वर्षी पास आऊट होतोय. ग्रुप बंद पडेल अशी भीती वाटते.

भीती खरी आहे, असे ग्रुप बहुतेक वेळा याच कारणाने बंद पडतात. शेवटच्या सेममध्ये तुम्ही काहीच चालवू नका, ज्युनियर्सना चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा, चुकले तरी हात घालू नका. अध्यक्ष एकच नको, दोन ठेवा, एक सेकंड इयरचा, एक थर्डचा, म्हणजे दरवर्षी निम्मी टीम जुनी राहते. आणि एक वही करा, साधी, हाताने लिहिलेली. काउन्सेलरशी कोण बोलतं, ट्रेनिंगसाठी कुणाला बोलवायचं, परवानगीचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, मुलांनी टेबलावर कुठले प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं काय निघाली. कुणाची खासगी गोष्ट त्यात लिहायची नाही, फक्त प्रश्न. आमच्या वहीत "घरी कळतं का" हा प्रश्न पहिल्या पानावर होता. मध्ये आमच्या त्याच ग्रुपच्या एका ट्रेनिंगला गेले होते तेव्हा तिथल्या नव्या मुलीने ती वही मला दाखवली, कव्हर बदललेलं, शिवण सुटलेली आणि पानं टोचून वाढवलेली. त्या प्रश्नाखाली चार वेगवेगळ्या अक्षरांत उत्तर परत परत दुरुस्त केलेलं होतं.