गाणी ऐकून परकी भाषा शिकता येते का?

नुसती ऐकून नाही, सोबत गायलात तर बरीच. संथ चालीचं, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणारं गाणं घ्या. आधी तसंच ऐका, मग शब्द समोर ठेवून अर्थ लावा आणि शेवटी गायकाबरोबर मोठ्याने म्हणा. बोलताना शब्द एकमेकांत कसे मिसळतात ते इथे पटकन कळतं, अख्खी वाक्यं तोंडात बसतात. (रॅप सुरुवातीला नकोच!)

उच्चारांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. फ्रेंच बोलताना शब्दाच्या शेवटी जो स्वर गिळला जातो, तो गाण्यात बरेचदा स्पष्ट म्हणतात. मँडरिन या चिनी भाषेत तर आवाजाच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरतो आणि गाताना तो चढउतार चालीखाली दबतो. तिथे बोललेलं ऐकण्याला पर्याय नाही.