ताशा जातो कुठे?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही नदीपात्राजवळ राहतो पण मध्ये दोन-तीन बिल्डिंगा आहेत. गणपतीच्या आधी संध्याकाळी पात्रात पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की घरात ढोलाचा धूम धूम पार छातीत जाणवतो, ताशा मात्र जवळजवळ ऐकूच येत नाही. पुलावर जाऊन उभं राहिलं तर ताशा कानात नुसता घुसतो. माझा मुलगा आठवीत आहे, तो म्हणतो ताशाचा आवाज स्लो जात असेल म्हणून वाटेतच संपतो. असं असतं का?
– एक वाचक, डेक्कन

उत्तर : मुलाला सांगा, विचार करतोयस हे फार छान, पण स्पीड दोघांचाही सारखाच. 25 डिग्रीच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण 346 मीटर जातो, मग तो जाड असो, बारीक असो, मोठा असो की हळू. तसं नसतं तर पुलावर ढोल आणि ताशा एकमेकांपासून सुटले असते आणि लांबून कुठलाच ताल तालात ऐकू आला नसता.

आणि हवा काही ढोलापासून तुमच्या घरापर्यंत येत नाही हं. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर गर्दीत मागून धक्का बसतो, तो पुढे पुढे सरकत जातो पण माणसं जागच्या जागीच थोडी हलतात ना, तसंच.

फरक आहे तो लाटेच्या लांबीचा. स्पीडला फ्रिक्वेन्सीने भागलं की लांबी मिळते. समजा ढोलाचा जाड आवाज 100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 100 कंपनं, तर एक लाट झाली जवळजवळ साडेतीन मीटर. ताशाची कडकड एकाच फ्रिक्वेन्सीची नसते, पण त्यातला 4000 हर्ट्झचा भाग धरला तर त्याची लाट जेमतेम साडेआठ सेंटीमीटर, तळहाताएवढी! आता वाटेत कंपाउंडची भिंत आली, बिल्डिंगचा कोपरा आला, तर ही लांब लाट त्याला वळसा घालून मागे पसरते, छोटी लाट मात्र आपटून परत फिरते आणि मागे जणू सावली पडते, तुम्ही त्या सावलीत राहताय. शिवाय बारीक आवाज हवेतच जास्त शोषला जातो, आणि भिंतीतून आरपार जायलाही जाड आवाजालाच सोपं. पुलावर मध्ये काहीच आड येत नाही म्हणून तिथे ताशा पुरेपूर पोचतो.

मुलाला पुलावर घेऊन जा आणि एक गंमत दाखवा. सेकंदाला दोन ठोके असा संथ ठेका चालू असेल आणि पथक साधारण 85 मीटरवर असेल तर आवाज पाव सेकंद उशिरा येतो, म्हणजे टिपरू वर उचललेलं दिसतं तेव्हा ठोका ऐकू येतो. सरकत सरकत ती जागा शोधायला लावा, मग अंतर मोजून आवाजाचा स्पीड त्याला स्वतःलाच काढता येईल, मला तर हे पुस्तकातल्या दहा गणितांपेक्षा जास्त आवडतं.

बाकी खिडकीला जाड पडदे लावून ढोल कमी होईल या आशेवर खर्च करू नका, पडद्याने फार तर उरलासुरला ताशा जाईल.